सुरळी पडलीच नाही

आमच्या मजल्यावर सगळ्यांचे चपलांचे रॅक दाराबाहेर असतात. ज्या सकाळी सगळ्यांना आपापल्या रॅकवर दोन्ही चपला डाव्या पायाच्या सापडतात, त्या सकाळी सगळे थेट माझ्या दारावर येतात. पुरावा कुणी विचारत नाही. इथे परदेशात, तोआ पायोहमधल्या आमच्या जुन्या ब्लॉकमध्ये असले उद्योग करणारा माणूस एकच, तो म्हणजे मी, विलास. निम्मं आयुष्य जहाजांच्या इंजिनांत घालवलं, आता जुरोंग आयलंडवरच्या तेलकारखान्यात पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळतो. मिशी झुपकेदार. लग्नात होती त्यापेक्षा आता जास्त.

पैज लागली तीसुद्धा त्या रॅकपाशीच.

शेजारचा प्रबोध क्लासहून परत येत होता. प्रबोध तांजोंग पगार नावाच्या ऑफिसांच्या भागात, फायनान्समध्ये. चेहरा असा, की स्वतःच्या वाढदिवसालाही ऑडिट चालू आहे असं वाटावं. आणि हा माणूस दर रविवारी जपानी तलवार शिकायला जातो! अंगाला ओल्या पेंढ्यासारखा वास येत होता.

"काय कापलंस आज?" मी विचारलं. "भेंडी?"

"चटई," तो बूट काढत म्हणाला. "जपानी चटईची घट्ट सुरळी करायची, पाण्यात भिजवून ठेवायची, मग खुंटीवर उभी खोचायची आणि एका घावात तिरकी कापायची. भिजलेली सुरळी कापताना माणसाच्या मांसासारखी लागते म्हणतात."

"म्हणजे सुरळीच्या वड्याच की रे. फक्त वरून खोबरं नाही!"

"हसा. पुढच्या महिन्यात आम्ही स्पर्धा भरवतोय, तेव्हा येऊन बघा. खरा घाव बसला ना विलासराव, तर कापलेल्या वस्तूला कळतसुद्धा नाही."

"वस्तूला कळत नाही, तर बघणाऱ्याला काय डोंबल कळणार? असं तर मीही कापीन, आणि म्हणेन तिला अजून कळलेलं नाही!"

समोरच्या दारात आँग अंकल कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांना मराठी कळत नाही, पण भांडण कुठल्याही भाषेतलं कळतं. "बेट लाह!" ते ओरडले, म्हणजे लावा पैज. "बेट, बेट!"

मग काय. ठरलं. मी स्पर्धेत नवशिक्यांच्या गटात उतरायचं. पंचाचा झेंडा वर जायच्या आत सुरळीचा वरचा तुकडा जमिनीवर पडला, तर प्रबोध नऊवारी नेसून, नथ घालून, लिफ्टमधून सगळे मजले फिरणार. नाही पडला, तर माझी मिशी. खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे ब्लॉकच्या मोकळ्या तळमजल्यावर, सगळ्यांदेखत, प्रबोधच्या हातून.

आतून चित्रा म्हणाली, "अहो, मिशीशिवाय काय दिसाल तुम्ही! आधी मला विचारायचं तरी."

"तुला नऊवारी शोधायची आहे," मी म्हटलं. "त्याच्या मापाची."

क्लास जवळच होता, एका डान्स स्टुडिओत. शिकवायच्या तानाबेबाई. सत्तरीच्या, माझ्या छातीइतक्या उंच, इंग्रजी हळू आणि मोजकं. एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा होता, आणि बाई क्लास सुरू करायच्या आधी त्याच्यावरचा पडदा ओढून घ्यायच्या. दर वेळी. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "शिष्टाचार."

मला वाटलं होतं लाकडी काठ्या फिरवण्यात महिना जाईल. तसाच गेलाही. पण मी आयोजनातही पडलो. सुरळ्या भिजवायला निळे ड्रम आणले, खुंट्यांचे स्टँड ठोकून पक्के केले, पोराबाळांसाठी खुर्च्या मांडल्या. तानाबेबाई खूश झाल्या असाव्यात, कारण एका रविवारी त्यांनी कुलपातल्या कपाटातून एक तलवार काढून माझ्या हातात दिली. सगळ्यांत जुनी. मुठीवरची वीण विटलेली.

"तुमचा हात जड आहे," त्या म्हणाल्या. "ही हलकी आहे."

हलकी म्हणजे किती, तर हातात काहीच नसल्यासारखी.

बाई पाण्याची बाटली भरायला बाहेर गेल्या. माझ्या अंगात आलं. पोपटांच्या चित्रांचा पिवळा शर्ट घातला होता, तो मिरवायलाच हवा होता. बाकीच्यांना लांब उभं केलं, पडदा सर्रकन बाजूला ओढला, आरशासमोर उभा राहिलो आणि प्रबोधसारखा ऑडिटचा चेहरा केला. तलवार उजव्या खांद्यावर उचलली आणि आरशातल्या विलासवर तिरकी चालवली. उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत. मग पोट धरून, डोळे फिरवून, असा काही मेलो की आख्खा क्लास खिदळला. प्रबोधसुद्धा! त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

बाई दारात उभ्या होत्या. हातातली बाटली तिरकी झाली होती, पाणी सांडत होतं.

त्या ओरडल्या नाहीत. माझ्याकडे आल्याही नाहीत. आरशापाशी गेल्या, त्याच्या खालची फरशी नीट बघितली, काहीतरी पडलंय का ते शोधावं तशी. मग पडदा ओढून घेतला.

"दुखलं?" त्यांनी विचारलं.

"काय दुखलं?"

"बरं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातून तलवार दोन्ही हातांनी काढून घेतली.

त्या आठवड्यात चित्रानं कपडे वाळत घातले. आमच्याकडे खिडकीबाहेर बांबूवर घालतात. संध्याकाळी तिनं बांबू आत ओढला आणि पोपटांच्या शर्टाला हात घातला, तर अर्धाच शर्ट हातात आला. बाकीचा अर्धा बांबूवर तसाच. उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत, मागचा भाग, पुढचा भाग, सगळा. एक धागा सुटलेला नाही. एका पोपटाची चोच या अर्ध्यात, डोकं त्या अर्ध्यात.

खरं सांगतो, मला इतका आनंद झाला! प्रबोध लेका, शिकलास! इतक्या वर्षांत या मजल्यावर मला तोडीस तोड कुणी भेटलाच नव्हता. मी दोन्ही अर्धे घेऊन त्याचं दार वाजवलं आणि त्याची पाठ थोपटली.

"कुठला शर्ट?" तो म्हणाला.

काय अभिनय! डोळ्याची पापणीही हलली नाही. त्याला बक्षीस म्हणून मी त्याच्या लॅपटॉपच्या बॅगेत रबरी झुरळ सोडलं.

मग एका सकाळी कंपनीच्या बसमधून उतरलो, जुरोंग आयलंडच्या गेटवर पास दाखवायला हात घातला, आणि पास खाली पडला. गळ्यातली पट्टी तुटली होती. एका ठिकाणी नाही, दोन ठिकाणी. उजवीकडे वर, डावीकडे खाली. चारही टोकं तिरकी. बसमध्ये मी सगळ्यांत शेवटच्या सीटवर एकटा बसलो होतो. रक्षकानं विचारलं, "कात्री लागली का?" मी म्हटलं, "शेजारी फार हुशार आहे."

दिवसभर मी विचार करत होतो, प्रबोधनं हे केलं कसं. संध्याकाळी त्याच्याशी बोलायचं होतं. का कोण जाणे, बोललो नाही.

स्पर्धेच्या दिवशी स्टुडिओ गच्च भरला. मराठी मंडळी डबे घेऊन आली होती, आँग अंकल आख्खं कुटुंब घेऊन. माइक माझ्याकडे. भिजलेल्या चटयांचा गार, गवताळ वास, आणि त्यात कुणाच्या तरी डब्यातली बटाट्याची भाजी. पहिल्या फेरीत प्रबोधनं उत्तम कापलं. घाव, मग क्षणभर शांतता, मग तुकडा धप्प. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी माइकवर म्हटलं, "नऊवारीत पण असंच चपळ राहा रे!"

माझं नाव आलं. मी आडव्या पट्ट्यांचा टीशर्ट घातला होता, कैद्यासारखा, मुद्दाम. तानाबेबाईंनी तीच जुनी तलवार पुढे केली.

"हीच?" मी विचारलं.

"आता दुसरी देऊन काय होणार?" त्या म्हणाल्या.

मी सुरळीसमोर उभा राहिलो. वाकून नमस्कार केला, थोडा जास्तच. लोक हसले. तलवार उचलली आणि चालवली.

काहीच लागलं नाही. हवेत हात फिरवावा तसं. तलवार डाव्या बाजूनं बाहेर आली आणि सुरळी आपली समोर ताठ उभी.

पंच थांबले, पुन्हा बघितलं. झेंडा वर. हुकला.

"मिस्ड लाह!" आँग अंकल आनंदानं किंचाळले. हॉल हसून लोटपोट. मी माइक घेतला आणि प्रबोधकडे बोट करून म्हटलं, "कापलंय रे! तिला अजून कळलेलं नाही!"

मराठी रांगा कोसळल्या हसून. चित्रा डोळे पुसत होती. मिशी गेली, पण विनोद बसला. मला तेवढं पुरे असतं.

तानाबेबाई मात्र उठून सुरळीपाशी गेल्या. दोन्ही तळवे तिच्याभोवती धरले, न टेकवता, न हलवता. ताप आलेल्या मुलाजवळ हात नेऊन थांबावं तसे.

आँग अंकल माझं अभिनंदन करायला पुढे धावले आणि हसता हसता त्यांनी स्टँडवर थाप मारली.

सुरळीचा वरचा भाग हळूच सरकला. तिरका. अगदी सावकाश. मग बाईंच्या तळव्यांमधून निसटून जमिनीवर पडला.

हसणं थांबलं.

प्रबोधनं तो तुकडा उचलला. कापलेली बाजू काचेसारखी गुळगुळीत होती. तो बराच वेळ त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"झेंडा आधी गेला," मी म्हटलं. "पैज तूच जिंकलास. आणि त्या शर्टाबद्दल मानलं तुला."

"विलासराव," तो म्हणाला, "खरंच कुठला शर्ट?"

या वेळी त्याच्या चेहऱ्यावर ऑडिट नव्हतं.

लोक डबे उघडत होते तेव्हा मी पडद्यामागे गेलो. आरशावर बारीक रेघ होती, उजवीकडे वर, डावीकडे खाली. आरसा तडकला, आता भरपाई कोण देणार, असं मनात आलं. बोट फिरवलं. काच सपाट होती. कुठेच काही लागलं नाही.

मग टीशर्टाच्या पट्ट्या दिसल्या. रेघेच्या वरच्या पट्ट्या खालच्या पट्ट्यांना जुळत नव्हत्या. केसभर सरकल्या होत्या.

मी मान खाली घालून स्वतःच्या अंगावरच्या पट्ट्या बघितल्या. जुळत होत्या.

पडदा ओढला. बाहेर येऊन बटाट्याची भाजी खाल्ली. दोनदा घेतली.

पुढच्या रविवारी सकाळी व्हॉइड डेकवर खुर्ची मांडली. मीच मांडली, आपला अपमान आपणच नीट सजवावा. दगडी टेबलावर फेस, वस्तरा, टॉवेल, आरसा. सगळा ब्लॉक खाली. आँग अंकल मोबाईल घेऊन सगळ्यांत पुढे. तानाबेबाईही आल्या होत्या, छत्री आणि कापडी पिशवी घेऊन. एका खांबापाशी उभ्या होत्या.

"शेवटची इच्छा?" प्रबोधनं विचारलं. वस्तरा त्यानं तिसऱ्यांदा टॉवेलला पुसला. माझ्या मिशीला तो जरा जास्तच मान देत होता.

"हळू चालव. आणि तिला कळू देऊ नकोस."

लोक फुटले. वस्तरा फिरला. अर्धी मिशी गेली तेव्हा शिट्ट्या, पूर्ण गेली तेव्हा टाळ्या. चित्रा म्हणाली, "अगंबाई, हे कोण!" वरच्या ओठाला वारा लागला, गार, वेगळाच. मी पोटातून मोठं हसायला श्वास भरून घेतला.

प्रबोध मानेवरचा फेस पुसत होता. त्यानं माझी कॉलर जराशी बाजूला केली आणि त्याचा हात थांबला.

"हसू नका," तो कुजबुजला.

"काय?"

"विलासराव, हसू नका. प्लीज."

मी श्वास तसाच धरून ठेवला. टेबलावरचा आरसा उचलून धरला. मानेच्या उजव्या बाजूला रेघ होती, शिवणीच्या दोऱ्याइतकी बारीक. शर्टाच्या आत जात होती, डावीकडे. रक्त नाही, दुखणं नाही.

"स्माईल, स्माईल!" आँग अंकल ओरडले.

छत्री खांबाला टेकवल्याचा आवाज झाला. तानाबेबाई माझ्यासमोर आल्या. पिशवीतून त्यांनी पांढऱ्या सुती कापडाची घडी काढली. लांबच लांब पट्टा होता, धुऊन इस्त्री केलेला. घरूनच घेऊन आल्या होत्या. त्यांनी एक टोक माझ्या उजव्या खांद्यावर ठेवलं आणि शर्टावरूनच गुंडाळायला सुरुवात केली. पाठीवरून, काखेतून, छातीवरून, कमरेपर्यंत. प्रत्येक वेढा घट्ट ओढत.

लोकांना वाटलं हरलेल्याचा सत्कार चाललाय. कुणीतरी ओरडलं, "नारळ कुठाय?" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

प्रबोध माझ्या मागे उभा राहून दोन्ही हातांनी माझे खांदे धरून होता.

बाईंनी शेवटची गाठ मारली, तळव्यानं थोपटली, कान लावून ऐकावं तशी मान कलती केली.

"रोज," त्या म्हणाल्या. "झोपतानाही."

मग एक पाऊल मागे सरकल्या.

"आता हसा," त्या म्हणाल्या. "पण हळू."