बहिऱ्या कानातला आवाज

सांगतो, पण मध्येच हसू नका. अशा गोष्टींवर हसण्याचं काम आजवर मीच केलं आहे.

रायपुरात तेलीबांध्याला माझं कान तपासायचं क्लिनिक आहे. खिडकीतून तलाव दिसतो. एका दुपारी विनोदिनी आपल्या वडिलांना, बाबारावांना घेऊन आली. रेल्वे इंजिनावर तीस वर्षं काढून त्यांचे कान पार गेले होते. तिची आई जाऊन दोन महिने झाले होते.

"भैया, आई हाक मारून राहिली म्हणतात बाबा, अन् तलावाकडे निघून जातात. परवा गुडघाभर पाण्यात उतरले होते. मले लय भेव वाटते."

बाबाराव मोठ्यानं म्हणाले, "शब्द नाही समजत. पण आवाज तिचाच. काय म्हणते तेवढं ऐकवा."

आवाज बाहेर असतो आणि कान तो आत घेतो, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं. धडधाकट कान स्वतःही अगदी बारीक आवाज काढतो. तो टिपणारा माईक माझ्याकडे आहे. बहिऱ्या कानात मात्र शुकशुकाट असतो. तोच दाखवला की म्हातारा तलावाचा नाद सोडेल, असं मला वाटलं.

त्यांना काचेच्या खोलीत गप्प बसवलं, कानात माईक घातला, रेकॉर्डिंग सुरू केलं. हेडफोन लावून आवाज वाढवला... आधी पाणी डचमळलं. मग एक बाई हळूच म्हणाली, "बाबाराव..."

मी रेकॉर्डिंग त्या हाकेपर्यंत मागे नेलं. मी हेडफोन विनोदिनीला दिला. ती पांढरीफटक पडली.

"ही आई नाही, भैया..."

"कशावरून?"

"आईनं बाबांचं नाव कधीच नाही घेतलं. चाळीस वर्षं 'अहो'च म्हणे."

बाबाराव बाहेर आले. "काय म्हणते ती?"

माझी हिंमत झाली नाही. कागदावर लिहिलं, 'काहीच नाही.' ही हाक तुमच्या बायकोची नव्हे, एवढं तरी लिहायला हवं होतं. विनोदिनी त्यांचा हात धरून खाली गेली.

मग मी उरलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. हाकेनंतर बराच वेळ नुसतं पाणी. शेवटी हाकेला ओ देणारा बाबारावांचा आवाज आला, "हव... येऊन राहिलो." काचेपलीकडे त्यांचे ओठ तर एकदाही हलले नव्हते.

मी जिन्यावरून धावलो. रिक्षाजवळ विनोदिनी एकटीच उभी होती.

"काहून पळून राहिले, भैया?" ती म्हणाली. "बाबांचा हात धरूनच आहे मी."

तिच्या आवळलेल्या मुठीतून पाणी ठिबकत होतं.