यादीतून पुसलेला फोन

या पानावर बहुतेक गोष्टी मध्यरात्रीच्या असतात. माझी दुपारची आहे. चार वाजून दहा मिनिटांची.

विश्वास ठेवा म्हणून गयावया करणार नाही. घडलंय ते लिहितोय. यात मला भीती वाटली त्याहून लाज जास्त वाटली, म्हणून इतके महिने तोंड शिवून बसलो होतो.

मी वेबसाइट बनवतो. चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. एका खोलीत मी आणि ढापण्या. जाड चष्म्यामुळे त्याला हे नाव पडलं, आणि आता त्याची बायकोही त्याला तेच म्हणते. दुसऱ्या खोलीत सर्व्हर, एक पंखा आणि भरपूर धूळ.

आमच्याकडे एका दवाखान्याची साइट होती. तिच्यावरचं एक पान फार गरजेचं. आज कुठला डॉक्टर ड्यूटीवर, ॲम्ब्युलन्स कोणाकडे, त्याचा नंबर काय. ड्रायव्हर रोज बदलायचा, म्हणून नंबरही रोज बदलायचा.

आता थोडं कामाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कुठलाही फोन पान मागायला येतो तेव्हा आधी स्वतःची ओळख सांगतो. कंपनी, मॉडेल, सगळं एका ओळीत. सर्व्हर ती ओळख आपल्या यादीत शोधतो. सापडली तर मोबाइलचं छोटं पान देतो. नाही सापडली तर कॉम्प्युटर समजून मोठं पान देतो.

ती यादी माझी होती.

यादीतला पहिला फोन मावशीचा होता. साइट तपासायला मी तिचाच मागून आणला होता. बटणांचा, जुना, पाचाचा आकडा पार झिजलेला. तपासताना चटकन ओळखता यावा म्हणून त्याच्या ओळखीच्या ओळीत शेवटी मी एक शब्द जोडून ठेवला होता.

‘मावशी’.

माय मरो पण मावशी जगो, म्हणतात. मी सहा वर्षांचा असताना आई गेली. मावशीने लोकांचे कपडे शिवून मला आणि ताईला, म्हणजे तिच्या मुलीला, वाढवलं. दोघांत कधी डावं-उजवं केलं नाही.

दोन वर्षांनी साइट नव्याने करायची होती. प्रत्येक जुना फोन पुन्हा तपासायचा म्हणजे दोन दिवसांचं काम. शुक्रवार होता. मला लवकर घरी जायचं होतं.

“ही डबडी आता वापरतंय कोण?” मी ढापण्याला म्हणालो, आणि सगळी जुनी नावं एका झटक्यात पुसली.

त्यातलं पहिलं नाव वाचलं होतं मी. वाचूनही पुसलं.

वर आणखी एक शहाणपणा केला. मोठ्या पानाला सांगून ठेवलं, स्क्रीन लहान दिसली तर छोट्या पानाकडे पाठव. झालं. जुना फोन आला की सर्व्हर त्याला मोठ्याकडे पाठवायचा, मोठं पान छोट्याकडे, आणि तिथून सर्व्हर परत मोठ्याकडे. नुसतं गरगर.

मावशीने सांगितलं होतं मला.

“अरे, तुझं ते दवाखान्याचं पान उघडत नाही. फिरतच राहतं.”

“मावशी, फोन बदल आता. संग्रहालयवाले उचलून नेतील तो.”

“फोन चांगला आहे की. तू बघ ना एकदा.”

“उद्या बघतो.”

तो उद्या काही उजाडला नाही.

मावशी मंगळवारी गेली. दुपारी, घरात एकटी असताना. शिवणयंत्राशेजारच्या खुर्चीत, हातात फोन. छातीत कळ आली असणार, असं डॉक्टर म्हणाले.

ताई शाळेत शिकवते. वर्गात तिचा फोन बंद असतो. बाहेर येऊन तिने पाहिलं, आईचा एकही फोन आलेला नव्हता.

“मीच तिच्यावर ओरडले होते,” ताई रोज म्हणायची. “शाळेत फोन करत जाऊ नकोस म्हणाले होते. म्हणून तिने केला नाही. मरताना तिला मी परकी वाटले रे.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचो. आणि गप्प बसायचो.

कारण तोवर मी सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या होत्या.

त्या मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी मावशीचा फोन साइटवर आला होता. आज ॲम्ब्युलन्स कोणाकडे, ते बघायला. पान फिरत राहिलं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा... वीस मिनिटांत तेवीस वेळा. आपल्या पोराने बनवलंय, उघडेल आता, असंच वाटलं असणार तिला.

मी त्या दिवसाच्या नोंदी पुसून टाकल्या.

चार महिने गेले. मग एक दिवस ढापण्या स्क्रीनला नाक लावून म्हणाला, “हा कोण रे बाबा? रोज बरोबर चार दहाला येतो. असला फोन अजून जिवंत आहे?”

मी वाकून पाहिलं.

कंपनी. मॉडेल. आणि ओळीच्या शेवटी...

‘मावशी’.

मी त्या दिवशीच्या नोंदी काढल्या.

मोजलं. तेवीस वेळा. आदल्या दिवशीही तेवीस. त्याच्या आदल्या दिवशीही.

त्याच संध्याकाळी मी चूक दुरुस्त केली. मावशीचा फोन यादीत परत घातला. अर्ध्या तासाचं काम होतं. फक्त अर्ध्या तासाचं!

दुसऱ्या दिवशी चार दहाला नोंद आली. पान उघडलं. स्वच्छ, पहिल्याच फटक्यात.

मी श्वास सोडला.

तर लगेच दुसरी नोंद... मग तिसरी...

पान उघडत होतं, तरी ती मागतच होती. तेवीस होईपर्यंत.

मग मात्र मला राहवलं नाही. रविवारी लॅपटॉप घेऊन ताईकडे गेलो.

“मावशीचा फोन कुठे आहे गं?”

“त्या ड्रॉवरमध्ये. बॅटरी फुगली होती, टाकून दिली. का रे?”

“सहज.”

ड्रॉवर उघडून पाहिला. फोन पालथा पडला होता. मागचं झाकण नाही, बॅटरीची जागा रिकामी. मी ड्रॉवर लावला आणि समोर लॅपटॉप उघडून बसलो. ताई आत भांडी आवरत होती.

चार वाजून नऊ मिनिटं.

बाहेरची रहदारी ऐकू येईनाशी झाली. आतली भांडीही थांबली.

चार दहा.

टक...

बंद ड्रॉवरमधून. बटण दाबल्याचा आवाज.

लॅपटॉपवर पहिली नोंद उमटली.

टक... दुसरी.

टक...

“कसला आवाज येतोय रे?” ताई हात पुसत दारात उभी होती. तिलाही ऐकू येत होतं.

आणि मग मी सगळं बोललो. यादी, शुक्रवार, ‘उद्या बघतो’, पुसलेल्या नोंदी. मान खाली घालून बोललो. ड्रॉवर गप्प झाला होता.

“म्हणजे ती मदत मागत होती,” ताई हळूच म्हणाली. “आणि हे माहीत असून तू मला चार महिने रडू दिलंस?”

मी लॅपटॉप मिटला.

“किती वेळा दाबलं तिने?”

मी वर पाहिलं. तिचे डोळे पाहिले. आणि जिभेवर आलेला आकडा गिळला.

“एकदा.”

ताई खुर्चीत बसली. तिच्या खांद्यातला ताण गेला.

“एकदाच ना? मग फार वेळ नसेल लागला. तळमळली नसेल फार.” तिने डोळे पुसले. “बरं झालं बाबा, सांगितलंस ते.”

मी मान हलवली. तिने मला चहा करून दिला, आणि तो मी प्यायलो.

सोमवारी चार वाजता मी स्क्रीनसमोर बसलो.

चार दहाला नोंद आली. ‘मावशी’.

मी दुसरीची वाट पाहिली... पाच मिनिटं... वीस मिनिटं...

आलीच नाही.

“चला, कटकट कमी झाली,” ढापण्या म्हणाला.

तेव्हापासून रोज एकच नोंद येते. एकच. मी ताईशी खोटं बोललो, आणि मावशी ते रोज खरं करून ठेवतेय. मरूनही माझ्यावर पांघरूण घालतेय.

तिने रागवायला हवं होतं. मला घाबरवायला हवं होतं.

ताईला खरा आकडा मी अजून सांगितलेला नाही.