लाल दोऱ्याची जागा

नेमकं कुठं दुखतं असं विचारलं की लोक सगळ्या पोटावरून तळवा फिरवतात. मी शिंपी आहे, माझं असं चालत नाही. बाही बोटभर चुकली तर गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी एका बोटानं जागा दाखवली. उजवीकडे, बरगड्या संपतात तिथं, मधल्या खळगीकडे थोडं सरकून. आणि मागे, उजव्या खांद्याच्या पात्याखाली त्याच दुखण्याचं दुसरं टोक.

"आणि कसं दुखतं?"

इथं मात्र माझी टेप चालेना. ते टोचत नव्हतं, जळतही नव्हतं. आत कुणीतरी मूठ आवळून ठेवली होती आणि सोडायची विसरून गेलं होतं. कूस बदलली तरी ती तिथंच, बसलो तरी तिथंच. तेलकट खाल्लं की आणखी घट्ट. कधी कळ अशी यायची की कात्री ठेवून मी टेबलाची कड धरायचो. समोर कुणी असलं तर म्हणायचो, "काही नाही, जरा जास्त जेवलो." आणि सकाळपासून पोटात घोटभर पाण्याशिवाय काही गेलेलं नसायचं.

यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या माझ्या आतून चरे पडून अरुंद होत चालल्या होत्या. असं का होतं ते कुणालाच धड माहीत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुर्बिणीनं आत जाऊन एक नळी थोडी रुंद केली, गोळ्या दिल्या. "बरा होणारा आजार नाही, सांभाळून राहायचा आजार आहे." दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. माझं मुंगीच्याच पायानं आलं, आणि जायचं नावच घेईना. दुखणं परवडलं, पण ती खाज नको. अंगावर पुरळ नाही, गांधी नाही, तरी तळहात आणि तळपाय आतून खाजायचे. शिवाय थकवा असा, की सुईत दोरा ओवला की वाटायचं, झालं आजचं काम.

दुकान पुढच्या खोलीत, घर मागच्या दोन खोल्यांत. मी कापतो, बायको शिवते. दोघांनी मिळून आयुष्यभर दुसऱ्यांची अंगं झाकली. ज्या गिऱ्हाइकाला ट्रायलसाठी उभं राहणं जमत नाही, त्याच्या मापाचा पुतळा भरायचा ही आमची पद्धत. लाकडी धड, त्यावर कापसाच्या पट्ट्या, वरून मांजरपाटाचं कव्हर. कुणाच्या अंगावर ऑपरेशनचा व्रण असला, कुठं हात लावला तर दुखत असलं, तर पुतळ्यावर त्या जागी लाल दोऱ्याचा टाका घालायचा. मग त्या जागेवर शिवण येऊ द्यायची नाही.

माझे सदरे खुंटीवर टांगल्यासारखे लोंबायला लागले तेव्हा बायकोनं माझाच पुतळा भरायला घेतला.

"मी जिवंत आहे अजून," मी म्हणालो.

"आहात हो. पण उभं केलं की कुरकुर किती! हे बघा, तुमचे जुळे भाऊ. म्हणजे माझे भाऊजी. कसे गुपचूप उभे आहेत." तिनं पुतळ्याची कॉलर नीट केली. मग हसू आवरून म्हणाली, "आता नीट सांगा. कुठं?"

दुपारची वेळ होती, खिडकीतून टेबलावर ऊन आलं होतं. मी डोळे मिटून सांगत गेलो. थोडं वर. आत. अजून आत. इथून निघतं आणि पाठीत जातं. श्वास पूर्ण घेतला की अडतं. इतकं मी डॉक्टरांनाही कधी सांगितलं नव्हतं. सांगता सांगता मला रडू आलं. मी काही रडणारा माणूस नाही. पण जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, आणि इथं कुणीतरी खरंच यायला निघालं होतं. तिनं टाका घातला, गाठ मारली, दातानं दोरा तोडला.

त्या संध्याकाळी मी टेबलाशी सरळ उभा राहून एक अख्खा कोट कापला. कापून झाल्यावर लक्षात आलं, मूठ सुटली होती.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. टेप सांगेल ते खरं. गोळ्या लागू पडल्या असतील, म्हटलं. भूक लागायला लागली, खाज थांबली, पिवळे पडलेले डोळे निवळले. डॉक्टरीणबाई रिपोर्ट पुन्हा पुन्हा बघत म्हणाल्या, "छान आहे," पण त्यांचा चेहरा छान दिसत नव्हता.

पुतळ्याच्या कव्हरवर मात्र लाल टाक्याभोवती डाग उमटला. फिकट पिवळा, ओलसर. बायकोनं कव्हर धुतलं, वाळवून पुन्हा चढवलं. डाग परत आला, आधीपेक्षा मोठा. पूर्वी मला अधूनमधून हुडहुडी भरून ताप यायचा. तसाच एक दिवस असावा, कारण पुतळ्यावर बाही लावायला गेलो तर तो तापला होता. उन्हात ठेवलेली वस्तू तापते तसा नव्हे. माणूस तापतं तसा. मी हात मागे घेतला. बायको मशीनवरून बघत होती.

"भाऊजींना बरं नाही वाटतं," ती म्हणाली. मी हसलो, ती हसली नाही.

त्यानंतर पुतळा खंगायला लागला. आतला कापूस काळपट होऊन गळून पडायचा, कव्हरला सुरकुत्या पडायच्या. आणि माझ्या बरगडीखाली कुणीतरी पुन्हा बोटं मिटायला लागलं. मी काही बोललो नाही, पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बोलावं लागतं थोडंच! एकदा बाजारातून आलो तर ती नव्या कापसाच्या पट्ट्या लावत बसली होती.

"तुम्ही भरलात आता. माप बदललं," ती म्हणाली.

माझं दुखणं पुन्हा गेलं. मी आनंदात होतो, दोन्ही हातांनी जेवत होतो म्हणा ना. म्हणून दिसायला उशीर झाला. मशीन चालवता चालवता ती मध्येच थांबायची आणि तळहात टेबलाच्या कडेवर घासायची. एकदा ताट तसंच सरकवून उठली.

"काय झालं?"

"काही नाही, जरा जास्त जेवले."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी तिला हाताला धरून खिडकीशी नेलं. दिवसाच्या उजेडात तिचे डोळे पिवळे दिसत होते.

मग मी टेप घेतली. पुतळ्याची छाती, कंबर, खांदा मोजला. आकडे वाचायची गरजच नव्हती. ज्या अंगासाठी उभं आयुष्य ब्लाउज कापले, ते हाताला आधी कळतं.

"हे काय केलंस तू?"

"भाऊजी दमले हो," ती म्हणाली. "नुसता कापूस किती दिवस सोसणार? कुणाचं तरी अंग लागतंच ना."

मी ओरडलो, पट्ट्या उचकटल्या, पुतळा माझ्या मापानं भरला. संध्याकाळपर्यंत मूठ माझ्यात परत आली आणि ती दोन घास जेवली. वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी मी गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेलो आणि परत आलो तर पुतळा पुन्हा तिचा झाला होता. आम्ही दोघं म्हातारी माणसं एका दुखण्यासाठी भांडत होतो. मुलं खाऊसाठी भांडतात तशी, दोघांनाही ते स्वतःलाच हवं होतं. मी पुतळा कपाटात कुलूप लावून ठेवला तेव्हा दुसरी किल्ली तिच्याच गळ्यात आहे हे विसरलो. शेवटी तिला थंडी वाजून ताप भरला. दात इतके वाजत होते की बोलता येईना. दवाखान्यात न्यावं लागलं.

"हा लागट आजार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नवरा-बायको दोघांना व्हावा, हा निव्वळ योगायोग." त्यांनी ते दोनदा सांगितलं.

मुलगी कामाच्या गावाहून धावत आली. ती आमची एकुलती एक. तिच्या आईपाशी आम्ही आळीपाळीनं बसत होतो. दुपारी मी घरी आलो की पुतळा उसवून माझ्या मापानं भरायला बसायचो. पण जागरणानं टाके धड बसत नव्हते. मुलीनं विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसेल. शिकलेली पोरगी.

ती हसली नाही. पुतळ्यावरचा डाग तिनं बोटानं चाचपला. "म्हणजे ज्याचं माप, त्याचं दुखणं?"

"तसंच काहीतरी. तू हात नको लावूस. माझं मला घेऊ दे. तिला नाही सोसायचं गं, मला सवय आहे."

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही आईपाशी जा, बाबा. टाके मी घालते, तुमच्या मापानं. तुम्हीच तर शिकवलंय मला." तिनं माझ्या गळ्यातली टेप काढून घेतली. मला बरं वाटलं. आता ते मला परत मिळणार होतं.

बायकोचा ताप दुसऱ्याच दिवशी उतरला. डोळ्यांतलं पिवळं ओसरलं. डॉक्टरीणबाईंनी यावेळी "छान आहे" सुद्धा म्हटलं नाही, नुसती सही केली. घरी आल्यावर ती मशीनवरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "घेतलंत ना शेवटी?"

"घेतलं," मी म्हणालो.

आणि वाट बघायला लागलो. जेवलो, मुद्दाम तेलकट जेवलो. बरगडीखाली बोटं दाबून बघितली. पूर्ण श्वास घेतला. तो कुठंही अडला नाही.

रात्री मुलीनं सगळ्यांची ताटं वाढली, माझं जेवण आधी उरकलं. मी हात धुऊन पुढच्या खोलीत आलो. पुतळा नव्या कव्हरमध्ये नीट उभा होता. टाके एकसारखे, लाल दोरा जागच्या जागी.

मी टेप शोधली नाही. दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

उजवा खांदा किंचित खाली होता.

माझे खांदे सरळ आहेत. बायकोचेही. शाळेच्या पहिल्या फ्रॉकपासून एकाच अंगासाठी मी उजव्या खांद्यात कापसाची जादा घडी घालत आलो आहे.

कव्हर कोमट होतं.

आतून बायकोचा आवाज आला, "अगं, ताट तसंच का सरकवलंस?"

"काही नाही गं आई," मुलगी म्हणाली. "जरा जास्त जेवले."