हॅगवर्थ स्थानकातली सात मिनिटं

हार्टली सग्डन त्या संध्याकाळी प्यायला म्हणून निघाला नव्हता. पितळ घासायला निघाला होता.

हॅगवर्थ स्थानकाच्या एक नंबर फलाटावरच्या बारला दुसऱ्या दिवशी शंभर वर्षं पुरी होत होती. नगरपालिकेची माणसं येऊन भिंतीवर पितळी पाटी बसवणार होती. पाटी चकचकीत आणि तिच्याखालची काउंटरची दांडी काळी, हे हार्टलीला चालणारं नव्हतं. म्हणून त्यानं घरातून पॉलिशचा डबा घेतला, बायकोच्या जुन्या फ्लॅनेलचा तुकडा घेतला आणि धुक्यात बाहेर पडला.

धुकं दाट होतं. गिरणीचा धूर आणि नदीची वाफ एकत्र झाली की त्या खोऱ्यात असं धुकं धरतं. हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. हार्टलीला बघायची गरज नव्हती. एक्केचाळीस वर्षं त्यानं या स्थानकाची सिग्नल केबिन सांभाळली होती. रुळांच्या वासावरून त्याला फलाट कळायचा.

साडेपाचला एनिड क्रॅब्ट्रीनं दार उघडलं. बार तिच्या आईनं चालवला, आता ती चालवत होती. पन्नाशीची बाई. याच काउंटरखाली रांगून मोठी झालेली.

"हार्टलीकाका, दांडी मी सकाळीच घासली हो."

"घासलीस. पण काळपणा निघाला नाही," हार्टली म्हणाला आणि बाह्या वर सारल्या.

शेगडीजवळच्या बाकावर नॉर्मन पिकल्स बसला होता. तोही रेल्वेतलाच, निवृत्त गार्ड. "काय रे म्हाताऱ्या, उद्या राणी येणार आहे की काय? मग माझ्या टकलालाही जरा पॉलिश मार."

"राणी आली काय, नाही आली काय. इंग्लंडात असे बार आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. संगमरवरी काउंटर, कोळशाची शेगडी, छताला गॅसच्या दिव्यांचे आकडे. आपल्याकडं आहे ते नीट दिसायला हवं."

ते त्यानं अभिमानानं म्हटलं आणि ते खरं होतं. पण एक गोष्ट नीट नव्हती. काउंटरच्या वरचं घड्याळ.

दारूच्या दुकानातलं घड्याळ चार-पाच मिनिटं पुढं असतंच. त्याशिवाय पिणारा उठत नाही. हॅगवर्थच्या बारचं घड्याळ मात्र नेमकं सात मिनिटं पुढं असायचं. अडतीस वर्षं ते तसं होतं आणि त्याला कारण होतं. अशाच एका धुक्याच्या संध्याकाळी सिरिल थ्रेल्फॉल नावाचा माणूस इथं ग्लास संपवत बसला होता. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आणि बँडमध्ये कॉर्नेट हे पितळी वाद्य वाजवायचा. पलीकडच्या तीन नंबरवरून सहा दहाची गाडी सुटल्याची शिट्टी त्यानं ऐकली आणि पुलावरून न जाता तो रूळ ओलांडून धावला. मधल्या रुळावर मालगाडी आली.

चौकशी झाली. सिग्नलवाला म्हणून हार्टली उभा राहिला. गाडी सहा दहाला सुटली, नोंदवहीत तसं लिहिलेलं होतं. निकाल लागला, की माणूस पीत रेंगाळला. त्याच रात्री एनिडच्या आईनं घड्याळ सात मिनिटं पुढं केलं. मरेपर्यंत ती म्हणायची, "माझं घड्याळ मागं होतं. माझ्या घड्याळानं माणूस मारला." हार्टली समोर बसून ते ऐकायचा आणि बिअर प्यायचा.

आता तीन नंबरवर रूळही नव्हते. तिथून जाणारी लाइन बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. रूळ उखडून नेले, तिथं काटेरी झुडपं माजली.

एनिड बिअरचं पिंप बदलायला तळघरात उतरली. हार्टलीनं फडकं ठेवलं, खुर्ची ओढली आणि तिच्यावर चढला.

"काय करतोस?" नॉर्मननं विचारलं.

"उद्या फोटो निघणार. रेल्वेच्या आवारात खोटं घड्याळ दिसणार. माझ्या हयातीत तरी नाही."

"एनिड टांगेल तुला."

"टांगू दे." त्यानं खिशातलं घड्याळ काढलं. पाच अठ्ठावन्न. काटा सात मिनिटं मागं आणला, काच बंद केली, खाली उतरला. छाती थोडी पुढं आली. अडतीस वर्षांत पहिल्यांदा या खोलीत खरी वेळ झाली होती.

सहा वाजता दार उघडलं.

थंड हवा आत आली. तिच्याबरोबर वास आला, ओल्या लोकरीचा आणि इंजिनाच्या वाफेचा. वाफेची इंजिनं बंद होऊन किती वर्षं झाली, हे नॉर्मननं मनात मोजलं असावं. त्यानं मान वर केली.

आत आलेला माणूस चाळिशीचा होता. ओव्हरकोटावर धुक्याचे थेंब. एनिड तेवढ्यात वर आली होती.

"एक पाइंट, बाई. काळी बिअर."

एनिडनं नळ ओढला. त्या माणसानं ग्लास घेतला, काउंटरशी उभा राहिला, आणि हातातली वाद्याची पेटी पायाशी ठेवली. काळी, लांबोडकी पेटी. झाकणाची कडी तुटलेली, म्हणून ते बुटाच्या लाल नाडीनं बांधलेलं.

हार्टलीच्या हातातलं फडकं थांबलं.

ती पेटी त्यानं पाहिली होती. रुळांमधून स्वतःच्या हातानं उचलली होती आणि थ्रेल्फॉलच्या बायकोच्या दारात नेऊन दिली होती. नाडीची गाठ डावखुऱ्या माणसाची होती. तेव्हाही. आत्ताही.

"बँडची तालीम का?" नॉर्मननं विचारलं. त्याला गप्पा हव्या असत.

"हो. नाताळ जवळ आलाय ना. आमचा मास्तर उशीर झाला की कान उपटतो." माणूस हसला. "घड्याळ बरोबर आहे ना इथलं?"

एनिड वर बघून म्हणाली, "अहो, ते सात मिनिटं..." आणि थांबली. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग हार्टलीकडं पाहिलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"बरोबर आहे," हार्टली म्हणाला.

"सहा तीन. मग सात मिनिटं आहेत." त्या माणसानं एक कोपर काउंटरवर टेकलं. "निवांत पिता येईल."

शेगडीतला कोळसा फुटला. घड्याळाची टकटक मोठी होत गेली, की बाकीचं सगळं गप्प झालं, हे हार्टलीला कळेना. सहा चार. त्या माणसाचे ओठ ग्लासाला लागत होते, पण बिअर हळूहळूच कमी होत होती. चवीनं पिणारा माणूस. रेंगाळणारा नव्हे.

हार्टलीला केबिन आठवली. ती संध्याकाळ. पाळी सहा दहाला संपायची. मागं मालगाडी खोळंबलेली. बदलीवर येणाऱ्याच्या हातात मोकळी लाइन द्यायची, अडकलेली नाही, हा हार्टलीचा तोरा होता. सगळ्या विभागात त्याचं नाव होतं त्यासाठी. त्यानं सहा दहाच्या गाडीला सहा आठलाच सिग्नल दिला. धुक्यात कोण बघतो. आणि वहीत लिहिलं, सहा दहा.

दोन मिनिटं. ती एवढी वर्षं त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

सहा पाच.

पूल चढून उतरायला दीड मिनिट लागतं. आत्ता निघाला तर पोचेल. नाही निघाला तर शिट्टी होईल, आणि तो धावेल... तसाच... रूळ ओलांडून.

गप्प बसलं तरी चालणार होतं. चाललंच होतं. समोर एनिड उभी होती, तिच्या आईचा चेहरा घेऊन. नॉर्मन बसला होता, जो सगळ्यांना सांगायचा, की सग्डनच्या वहीत कधी खाडाखोड सापडली नाही.

"राजा," हार्टली म्हणाला. त्यानं खाकरून आवाज सरळ केला. "चल आता. निघ."

"अजून पाच मिनिटं आहेत की."

"नाहीत."

"घड्याळ बरोबर आहे म्हणालात ना?"

"घड्याळ बरोबर आहे. गाडी चुकीची आहे." हार्टलीनं दोन्ही हात दांडीवर ठेवले. "ती सहा आठला सुटते. मी सोडतो. दोन मिनिटं आधी सोडतो आणि वहीत सहा दहा लिहितो. तू रेंगाळत नाहीस. बारचं घड्याळही मागं नाही. चूक माझी आहे. पुलावरून जा."

नॉर्मन बाकावरून अर्धवट उठला.

त्या माणसानं हार्टलीकडं बराच वेळ पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. रस्ता चुकलेल्याला कुणी रस्ता सांगितल्यावर त्याची असावी, तशी ती नजर होती.

"मग आधी का नाही सांगितलंत?" त्यानं शांतपणे विचारलं. "किती वेळा धावलो मी..."

हार्टलीनं दांडीवरचे हात काढून घेतले.

माणसानं ग्लास एका घोटात संपवला, पेटी उचलली, टोपीला हात लावून एनिडला म्हणाला, "छान होती, बाई." दार उघडलं. धुकं त्याला घेऊन गेलं.

पुलाच्या लोखंडी पायऱ्यांवर पावलं वाजली. चढली. वरून चालत गेली. उतरली. घाई नव्हती त्यांत. हार्टली ओठ हलवत पायऱ्या मोजत होता. बावीस. तेवढ्याच असतात.

मग तीन नंबरवर, जिथं रूळ नाहीत तिथं, शिट्टी झाली.

नॉर्मनचा हात आपोआप छातीशी गेला, जिथं गार्डची शिट्टी लटकायची. धडधड करत काहीतरी जड हललं, वेग घेतला, बोगद्याकडं गेलं. काउंटरवरचे ग्लास किणकिणले. भिंतीवर सहा आठ झाले होते.

तेवढ्यात मधल्या रुळावरून खरीखुरी मालगाडी आली, हल्लीची, डिझेलची. तिघांनीही श्वास रोखला. डब्यामागून डबा गेला. ब्रेक किंचाळले नाहीत. गाडी निघून गेली.

मग एनिड म्हणाली, "आई शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हती, काका. पण घड्याळ ओळखायची. रोज विचारायची, पुढं आहे ना गं?"

"माहीत आहे."

"तुम्ही तिच्या खाटेशी बसला होतात."

"बसलो होतो."

काउंटरच्या वर आकड्यांना नेहमीच्या गिऱ्हाइकांचे कथलाचे मग टांगलेले असत. एनिडनं हार्टलीचा मग काढला. तेहेतीस वर्षं तो तिथं होता. तिनं तो त्याच्यासमोर ठेवला.

"घेऊन जा."

मग परत दिला, की या दारात पुन्हा यायचं नाही, हे हॅगवर्थमध्ये लहान पोरालाही कळतं. नॉर्मन "एनिड, अगं..." म्हणाला. हार्टलीनं त्याला हातानं थांबवलं. त्यानं दांडीचा राहिलेला वीतभर तुकडा घासून पुरा केला, फडक्याची घडी घातली, कथलाचा मग कोटाच्या खिशात टाकला आणि पाठ ताठ ठेवून बाहेर पडला.

सकाळी धुकं विरलं होतं. थंडी कडाक्याची. फलाटाच्या फळ्यांवर दहिवर गोठून पांढरा थर झाला होता. हार्टली आठ वाजता आला. अंगात रेल्वेचा जुना गणवेश, बटणं घासलेली. तो बारच्या दारापासून चार हात लांब उभा राहिला. पलीकडं जायचा हक्क त्याला उरला नव्हता आणि तो मागायला तो आला नव्हता.

दारात एनिड होती. हातात झाडू. झाडत नव्हती.

"एनिड," तो म्हणाला, "अकराला ती माणसं येतील. पाटी बसवायच्या आधी मला बोलायचंय. सगळ्यांसमोर. तुझ्या आईचं नाव घेऊन. मग पोलीस बोलवा, नाही तर पेपरवाले. मी पळणारा नाही."

"बोला," एनिड म्हणाली. जरा थांबून तिनं विचारलं, "काका, काल तुम्ही कुठून गेलात?"

"फाटकातून. नेहमीसारखा."

"नॉर्मनही तिकडूनच गेला. मग मी आतून कडी घातली. हे बघा."

दारापासून पुलापर्यंत दहिवरात बुटांचे ठसे होते. मोठे, सरळ, जाणाऱ्या माणसाचे. पुलावर चढलेले, तीन नंबरवर उतरलेले, फलाटाच्या काठाशी संपलेले. ते बघून हार्टलीचे खांदे सैल झाले. त्यानं टोपी काढली. पोचला होता. आपल्या पायांनी, पुलावरून पोचला होता. एवढी वर्षं हार्टलीनं असंख्य गाड्या सोडल्या, पण त्याला वाटलं, वेळेवर सुटली ती हीच.

"ते नव्हेत," एनिड हळूच म्हणाली. "त्यांच्या शेजारचे."

शेजारी दुसरी रांग होती. लहान, अरुंद, बाईच्या पावलांची. ती तीन नंबरच्या काठाशी सुरू होत होती. पुलावरून इकडं आली होती. सरळ दाराशी. उंबऱ्यापाशी ती संपत नव्हती. आत जात होती.

त्या ठशांतलं पाणी गोठलं नव्हतं.

"कोण उतरलं गं?" हार्टलीनं विचारलं.

एनिडनं वळून आतल्या घड्याळाकडं पाहिलं. तिनं झाडू भिंतीला टेकवला.

हार्टलीनं टोपी काखेत धरली, कोटाचं वरचं बटण लावलं. "सरक," तो म्हणाला. "शंभर वर्षांत या बारनं दाराशी आलेल्याला एकटं बसवलं नाही. आज बसवायचं नाही."

तो तिच्या पुढं आत गेला. आत अंधार होता, पडदे अजून ओढलेलेच. एनिडनं शेगडी अद्याप पेटवली नव्हती. तरी शेगडी लालबुंद झाली होती, आणि तिच्यासमोरचा बाक एका माणसापुरता ओला होता.