मोकळं हाय, या

गाडीच्या अँटेनाची केबल दिसते घरावरच्या डिशच्या केबलसारखीच, आणि सगळा घोळ तिथंच होतो. डिशची केबल छतावर निवांत पडून असते. तिच्या पोटात एकच ताठ तार असते. ती गाडीत टाकली, की खड्ड्यांत आदळून आदळून तार आतल्या आत तुटते आणि वरून काही म्हणता काही कळत नाही. गाडीला बारीक तारांचा पीळ असलेली केबल लागते, तिच्यावरची जाळी दाट लागते, आणि ती दाराच्या फटीत चेमटलेली अजिबात चालत नाही. उस्मानपुऱ्यात वायरलेस दुरुस्तीचं दुकान चालवणारा रामेश्वर हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. गिऱ्हाइकं जांभया द्यायची, तरी तो ऐकवायचाच.

त्याचा धाकटा भाऊ भारत ट्रेलरमालक नानासाहेबांकडं पायलट जीपवर होता. पवनचक्कीचं एकेक पातं घेऊन लांबलचक ट्रेलर निघतात, त्यांच्यापुढं ही जीप धावते. पुढचा रस्ता बघायचा आणि वायरलेसवर मागच्या ट्रेलरला सांगायचं, 'मोकळं हाय, या' किंवा 'थांबा'. बोलण्याआधी भारत जीभ टाळूला लावून दोनदा टकटक करायचा. बाप मुंजाबा जिवंत होता, तेव्हा मेंढरांना असाच हाकारायचा. रामेश्वरला ते लहानपणापासून कधी जमलं नाही, नुसती थुंकी उडायची. बाकी दोघा भावांचा आवाज एकच. फोनवर आईसुद्धा फसायची.

पाचोडजवळ एका फाट्यावर ट्रॅक्टर आडवा बंद पडला होता. भारतनं जीप थांबवली आणि मागून आलेल्या ट्रेलरनं जीपचा चुराडा केला. भारत जागीच गेला. नानासाहेबांनी सगळीकडं सांगितलं, पोरगा झोपेत होता, वायरलेसवर बोललाच नाही. ट्रेलरचा ड्रायव्हर मोतीराम यानंही तसाच जबाब दिला. आई म्हाळसाबाई येईल-जाईल त्याला अडवून म्हणायची, "मेंढरांमागं रात रात जागलेलं पोरगं माझं. ते झोपायचं नाय." लोक माना डोलवायचे आणि पाठ फिरली की हसायचे. ते हसणं रामेश्वरच्या काळजात रुतून बसलं होतं. भावाच्या नावावरचा हा डाग पुसायचा आणि ज्यानं लावला त्याला रडवायचं, एवढीच एक गोष्ट आता त्याला हवी होती.

आणि एका दुपारी नानासाहेब स्वतःच दुकानात आले. नवी पायलट जीप दारात, सोबत खाली मान घातलेला मोतीराम. माणसाला लाज नसली की किती सोपं जातं सगळं!

"खरखर येती रं सेटमधून," नानासाहेब म्हणाले. "तिघांकडून केबल बदलून झाली. आता तूच बघ." ते पलीकडं चहाला गेले.

"खरखर नाय ती, भाऊ," मोतीराम हळूच म्हणाला. "ड्रायव्हर टिकंना त्या जीपवर. चालू करा, म्हंजी कळंल."

रामेश्वरनं सेट चालू केला. आधी नुसता फुसफुसाट आला. मग दोनदा टकटक.

"मोतीराम, थांबा. समोर ट्रॅक्टर हाय. थांबा."

रामेश्वरनं आवाज ओळखला. पण हात सवयीचे होते. कुणी कुठून बोलत असेल, अँटेना ते पकडत असेल, असं म्हणत त्यानं केबलचा पिन फिरवून सेटपासून काढला. आता सेटला अँटेनाच नव्हता. बाहेरचं काही आत यायला वाटच नव्हती.

टकटक.

"मोतीराम, थांबा."

काढलेला पिन रामेश्वरच्या मुठीत होता. तो कोमट लागत होता.

मोतीरामनं पलीकडच्या चहाच्या टपरीकडं एकदा बघून घेतलं. "तवा हे मला ऐकूच आलं नव्हतं, भाऊ. माझ्या सेटची केबल दारात चेमटली हुती. मी मालकाला म्हणलं, बदला. त्यांनी बंगल्यावरची डिशची केबल काढून दिली. म्हणले, केबल ती केबल, चल. निम्म्या वाटंत सेट मुका झाला. भारत वरडत आसंल, मला काय बी ऐकू आलं नाय. पोलीस यायच्या आत मालकांनी ती केबल उपसून फेकली."

"आणि तू जबाब दिलास."

"दिला."

रामेश्वरला पक्कड उचलून समोरच्याच्या टाळक्यात घालावी असं वाटलं. पण घालायची ती मोतीरामच्या नव्हे. रामेश्वर उठला आणि दुकानातली सगळ्यात भारी केबल त्यानं काढली. दाट जाळीची, पिळाच्या तारांची. दाराच्या फटीपासून लांब, गादीखालून अलगद नेली. पिन कथलानं असे डाखले, की जन्मभर हलू नयेत. आवाज बंद करण्यासाठी तो हे करत नव्हता. नानासाहेबांना भारतचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू यावा, म्हणून करत होता.

नानासाहेब परतले तेव्हा सेट गप्प होता. ते खूश झाले. "आता ड्रायव्हर मिळंना, तर उद्या मीच घेतो जीप. तू मोतीरामच्या शेजारी बस. बिघडलं तर वाटंतच बघ."

"व्हय," रामेश्वर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. पातं लादलेला ट्रेलर पाचोडकडं निघाला. ट्रेलरच्या उंच केबिनमधून लांबवरचं दिसत होतं. माईक रामेश्वरच्या हातात होता. हे वायरलेस एका वेळी एकच काम करतं. बटण दाबून बोलत असलो, की आपल्या सेटमधून काहीच ऐकू येत नाही. बटण सोडलं, की ऐकू येतं.

"आवाज एकदम साफ हाय रं," पुढून नानासाहेब म्हणाले. "हात लई चांगला तुझा."

फाटा आला. तोच फाटा. ट्रेलर वळवायचा होता आणि त्याआधी जीपनं पलीकडं जाऊन येणारी वाहनं अडवायची होती. उजवीकडं मोसंबीची दाट बाग रस्त्याला भिडली होती. जीप तिच्या आडोशाला उभी राहिली.

"रामेश्वर, उजवीकडून काय येतंय का? मला बागंमुळं दिसंना."

रामेश्वरला दिसत होतं.

बागेपलीकडून पाण्याचा टँकर भरधाव येत होता.

"भाऊ, सांगा!" मोतीराम ओरडला. त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. "थांबा म्हणा त्यांना!"

रामेश्वरनं ओठ घट्ट मिटले. बोलायचं नाही. भारतचं तू ऐकू येऊ दिलं नाहीस ना, मालक? मग आता तुलाही कुणाचंच येणार नाही. घे.

टकटक.

"मोकळं हाय, मालक. या."

जीपच्या खिडकीतून नानासाहेबांचा हात बाहेर येऊन हलला.

जीप सावकाश, भरवशानं रस्त्यावर आली.

आवाज फार मोठा झाला नाही. नंतर टँकरमधलं पाणी रस्त्यावर सांडत राहिलं, तेवढंच ऐकू येत होतं.

मोतीराम रामेश्वरकडं बघत होता.

"भाऊ," तो म्हणाला, "तुम्ही मोकळं का म्हणलात?"

"मी नाही. सेटमधून आलं."

मोतीराम आता रामेश्वरच्या हाताकडं बघत होता. रामेश्वरनंही खाली पाहिलं. माईक तोंडाशी होता. अंगठा बटणावर होता, इतका घट्ट दाबलेला, की नख पांढरं पडलं होतं.

संध्याकाळपर्यंत नानासाहेबांचं प्रेत हलवून झालं, पोलिसांचं सगळं झालं. मोतीरामनं केबलची गोष्ट पहिल्यापासून सांगून टाकली. बागेपाशी काय झालं ते मात्र त्यानं गिळलं. "भारत झोपला नव्हता," असं चारचौघांत पहिल्यांदा म्हटलं गेलं. आता ते लिहूनही घेतलं गेलं होतं.

दिवस मावळल्यावर रामेश्वर पैठणकडच्या गावी आईकडं पोहोचला. हे तिला कधी सांगतो असं त्याला झालं होतं. म्हाळसाबाई चुलीपुढं पाठमोरी भाकरी थापत होती. तो उंबऱ्यात उभा राहिला. बोलायला त्यानं तोंड उघडलं.

त्याची जीभ आपसूक टाळूला लागली. दोनदा.

म्हाळसाबाईचा हात परातीत थांबला. तिनं मागं वळून बघितलं नाही. तव्यावरची भाकरी तिनं उलटली आणि रोजच्यासारखं विचारलं,

"आलास व्हय रं, भारत? आन् रामेश्वर कुठं राह्यला?"