मधल्या खुर्च्या

त्या प्रचंड सभागृहात हजारो माणसं एकच गीत गात होती, आणि ज्याची त्याची भाषा वेगळी होती. वाद्य एकही नव्हतं. मेनोनाइट ख्रिस्ती मंडळींची ती जुनी रीतच, नुसत्या गळ्यांवर चार सुरांत गायचं. देशोदेशींची माणसं दर काही वर्षांनी अशी एकत्र जमत. ती आत्याशेजारी उभी राहून मराठीत गात होती, जरा दबकतच. एवढ्या गर्दीत मराठी काय त्या दोघीच...

आणि मागच्या रांगेतून एक खर्जातला आवाज आला. शब्दन् शब्द तिचाच.

तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, हातात पुस्तक नाही. त्यानंही पाहिलं, आणि पुढची ओळ दोघांचीही चुकली.

"समोर बघ," आत्या म्हणाली. "देव पुढच्या बाजूला आहे."

ती नर्स होती, वय चोवीस, विमानात पहिल्यांदाच बसलेली. आत्यानं तीस वर्षं सुइणीचं काम केलं होतं, त्यामुळे तिच्यापासून काही लपत नसे. निघताना तिनं भावाला शब्द दिला होता, "पोरीला जशी नेतेय तशी परत आणीन."

दुपारी शेजारच्या शाळेच्या व्यायामशाळेत गोधड्यांचं काम चाले. लढाईत घरं गेलेल्यांना त्या पाठवायच्या. लाकडी चौकटीवर कापड ताणलेलं, दोन्ही अंगांना माणसं, जाड दोऱ्यानं टाका घालायचा आणि गाठ मारायची. तिची चौकट एका कोपऱ्यात खिळखिळी झाली होती. ती ठोकायला हातोडी घेऊन आला तो खर्जवालाच. सुतार होता. चौकट ठोकून झाली तरी तो उठला नाही. समोर बसून त्यानं सुई घेतली.

थोड्या वेळानं तिनं त्याच्या गाठी ओढून पाहिल्या.

"या तुम्ही मारल्यात?"

"हो. का?"

"सुटतायत. उजवा दोरा डाव्यावरून, मग डावा उजव्यावरून. तुम्ही दोन्ही वेळा उजवाच घेताय."

"असं होय... दाखवता का?"

तिला चौकटीला वळसा घालून जावं लागलं. त्याच्या बोटांना लाकडाचा वास होता. दुसऱ्या दिवशीही गाठी चुकल्या, आणि तिला पुन्हा वळसा घालावा लागला.

"चिमणे," आत्या दात दोऱ्यावर ठेवूनच म्हणाली, "आज किती फेऱ्या झाल्या?"

तिसऱ्या दिवशी चहाचे कप हातात असताना तिनं सहज विचारलं, "रविवारी तुम्हीही घरी?"

"नाही. इथूनच पुढे. जिथं या गोधड्या जातायत तिथंच. पडलेली घरं उभी करायला. तीन वर्षांची सेवा लिहून दिलीय मी."

तिचा चहा तसाच राहिला. सेवेवर बोलणारे तिनं पुष्कळ पाहिले होते. हातोडी उचलून निघालेला हा पहिलाच.

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण आपल्या भीतीनं कुणाच्या घराला छप्पर थोडंच बसतं?"

"घरी... वाट बघणारं कोण?"

"आई आहे." त्यानं कप ठेवून सुईत दोरा ओवायला घेतला, तीनदा चुकला. "आणखी कुणाला वाट बघा म्हणायला धीर लागतो. तो अजून जमत नाहीये."

तिनं मनात दिवस मोजले. तीन उरले होते.

शनिवारी त्यानं आत्यालाच गाठलं. "आत्याबाई, उद्या पाय धुण्याचा विधी. आमच्या मंडळीत तो कधी झाला नाही. बसायचं कसं?"

"सोपं आहे. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, समोरासमोर बसून, येशूनं शिष्यांचे धुतले तसे एकमेकांचे पाय धुवायचे."

"मग मधल्या खुर्च्या?"

"त्या घरच्यांच्या. नवराबायको, मायलेकरं... आणि ज्यांचं ठरलंय ते."

"बरं," तो म्हणाला आणि रंधा मारल्यासारखा सरळ निघून गेला.

रविवारी सकाळी घमेली मांडली होती, कोमट पाण्यानं भरलेली. डावीकडे आत्यानं मोजे काढून पाय पाण्यात सोडले आणि ती तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. आत्याची टाच हातात धरली असतानाच तिची नजर वर गेली.

मधल्या रांगेत तो एकटा बसला होता. समोरची खुर्ची रिकामी. एक स्वयंसेवक येऊन त्याला उजवीकडे बोट दाखवू लागला. त्यानं मान हलवली आणि हलला नाही. कान लाल झाले होते. त्याची चूक झालेली नव्हती. कालच तर त्यानं नीट विचारून घेतलं होतं.

तिचे हात पाण्यातच थांबले. सगळ्यांदेखत उठायचं म्हणजे... आणि नाही उठलं तर? दुपारी त्याची गाडी होती.

"माझे पाय मी पुसते," आत्या खाली वाकून हळूच म्हणाली. "पाणी निवतंय तिकडे. जा."

ती गेली. किती पावलं चालली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. आठवला तो त्याच्या पायावरचा जुना व्रण, पटाशीचं पातं पडल्याचा. तिनं तो अलगद धुतला, पुसला. मग तो खाली बसला. हातोडी घट्ट धरणारे हात ओंजळीनं तिच्या घोट्यावर पाणी सोडू लागले.

"एक कबूल करायचंय," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "त्या गाठी... मी मुद्दाम चुकवत होतो."

"ठाऊक होतं. सुताराला गाठ येत नाही, असं कुठं असतं?"

"मग वळसा घालून का येत होता?"

"तुम्ही का चुकवत होता?"

तो हसला. मग हसू मावळलं. "तीन वर्षं म्हणजे थोडी नाहीत."

"मी बघेन वाट," ती म्हणाली. "तुम्ही छपरं नीट बसवा. घाई करू नका."

रीतीप्रमाणे त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. "शांती असो," तो म्हणाला. हात मात्र बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच वेळ धरून ठेवले.

दुपारी त्याची गाडी वळणाआड गेली, छतावर गोधड्यांचे गठ्ठे घेऊन. एका गोधडीत तरी दोघांच्या गाठी शेजारीशेजारी होत्या. ती बघत उभी राहिली. शेजारी आत्यानं नाक शिंकरलं.

"तुझ्या बापाला म्हटलं होतं, जशी नेली तशी आणीन," आत्या म्हणाली. "आता काय तोंड दाखवू?"

ती रडता रडता हसली.

"सांगेन झालं, तशीच आणलीय. फक्त पाय धुतलेत."