निळ्या दोऱ्याचं माप

ज्याचं माप एकाच घरात दोनदा घेतलं, त्याचं दुसरं माप सुताराच्या कामाचं, शवपेटीसाठी. आमच्याकडे हे शेंबडं पोरही जाणतं.

शाळेत मुलं बोटांवर मोजतात. स्वातंत्र्यापासून आजवर राष्ट्राध्यक्ष आठ. बोटं दोन उरतात. पुढचं बाई विचारत नाहीत.

माझी आई खाडीकाठच्या बाजारात धुरावलेले मासे विकते. मुलगा महालात गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती टोपली घेऊन बसली. "नोकरी त्याला लागलीय, मला नाही," म्हणाली.

महालातलं जेवण आधी तिघे चाखतात. ताट राष्ट्राध्यक्षापर्यंत पोचतं तेव्हा गार झालेलं असतं.

बिस्किटांच्या डब्यात आठ पुठ्ठे. एकावरही नाव नाही.

मी सेनामी. शिंपीण. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांचे कोट माझ्या वडिलांनी शिवले, पुढच्या तिघांचे मी. आठवा माझा धाकटा भाऊ, साग्बो.

माप एकदाच घ्यायचं, माणूस महालात राहायला येतो त्या दिवशी. पुढे तो सुटला, वाळला, तर नजरेने अंदाज करायचा, फीत लावायची नाही. माप पुठ्ठ्यावर उतरवायचं आणि त्याला भोक पाडून दोरा बांधायचा. नाव लिहायचं नाही. सत्ता उलटली की सैनिक दुकानांच्या झडत्या घेतात, आणि पडलेल्या माणसाचं नाव घरात सापडणं बरं नव्हे. पहिल्यासाठी वडिलांना महालात बोलावलं ते वर्षभराने; त्याच्या पुठ्ठ्याला त्यांनी निळा दोरा बांधला होता. साग्बोच्या पुठ्ठ्याला मी काळा बांधला.

फेब्रुवारीत तो कर्नलच्या गणवेशात आला. बूट अजून चिखलाचे होते. सातवा विमानतळापर्यंत पोचला नव्हता, एवढंच रेडिओने सांगितलं होतं. मी स्टुलावर चढले. उंची एकशे चौऱ्याऐंशी सेंटिमीटर, छाती एकशे आठ. काखेत टाचणी लागली तसा तो हसला.

"ताई, बाकीच्यांनाही असंच टोचलंस का? म्हणूनच टिकले नाहीत."

ऑगस्टमधल्या स्वातंत्र्यदिनासाठी पांढरा कोट हवा होता. आभाळ गच्च होतं, वीज गेलेली. मी डब्यातून पुठ्ठा काढला, आकडे वाचत कापड बेतलं. तीस वर्षं आकडे वाचणारा हात वाचताना विचार करत नाही. कोट इस्त्री होऊन महालात गेला. दुसऱ्या दिवशी, सोहळ्याच्या सकाळी, पुठ्ठा परत ठेवताना दारातल्या उजेडात दोरा दिसला. निळा. पहिल्याचा.

उंची एकशे त्रेसष्ट. छाती ब्याण्णव. डावा खांदा उतरता.

मी तशीच मैदानाकडे धावले. बँड वाजत होता. साग्बो मंचावर उभा होता, आणि कोट त्याला बसला होता. बाही मनगटाच्या हाडावर थांबत होती, गळा कुठे चुणत नव्हता. डाव्या खांद्यावरही सुरकुती नव्हती. असा कोट मला आयुष्यात दोन-तीनदाच जमलाय.

महालात कुणीतरी रातोरात दुरुस्त केला असेल, असं मी ठरवलं. आठवडाभराने कोट धुलाईसाठी आला. अस्तर उसवून पाहिलं. टाका न् टाका माझा होता.

मग मी भावाकडे नीट पाहू लागले. तो वाळला होता. गार जेवणाने कोण वाळणार नाही? पण त्याचा कान आता अंगरक्षकाच्या खांद्याला लागत होता. फेब्रुवारीत हाच अंगरक्षक त्याच्याशी बोलताना मान वर करायचा. हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही, याचंही उत्तर मला सापडलं. राष्ट्राध्यक्षासमोर सगळे मान खाली घालून उभे असतात. छायाचित्रकार तर गुडघ्यावर बसून फोटो काढतो.

नोव्हेंबरात बटणं लावायच्या निमित्ताने त्याला एकट्याला गाठलं. मी पहिलं बटण टाचलं. तोच खिडकीकडे बघत म्हणाला, "ताई, मला जमीन जवळ आल्यासारखी वाटते."

"कधीपासून?"

"आलो तेव्हापासून. सकाळी उठलो की थोडी आणखी."

मी सांगितलं की एझिनमामाची होडी आहे, खाडीपलीकडे दुसरा देश आहे, तासाभराचं पाणी. राजीनामा तिथून पाठव. तो लहानपणी अंधाऱ्या शौचकूपाला घाबरायचा, तेव्हा माझी ओढणी जशी मुठीत धरायचा, तशी त्याने माझी फीत धरली. रविवारी आईला घेऊन ये, म्हणाला. ती जेवण घेऊन आली तर पहारेकरी अडवणार नाहीत. मागच्या दाराने तिघं निघू.

त्या चार दिवसांत मी आणखी एक कोट शिवला. काळ्या दोऱ्याच्या मापाने, एकशे चौऱ्याऐंशीचा. शिंपिणीला दुसरं काय करता येतं?

रविवारी आईने अकासा, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, लाल पाम तेल आणि मासे नेले. मामा होडीत बसून होता.

साग्बोने काटा-चमचा मागवला.

तो आयुष्यभर हाताने जेवला होता, शेवटी अंगठा चाटत. आता त्याने माशाचा काटा ओठांतून न वाजवता काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. आई बघत राहिली. मी कोट पुढे केला. त्याने तो घातला. बाह्यांत त्याची बोटं बुडाली. तो आरशात बघून हसला, कोट उतरवला, घडी घातली.

"छान शिवलाय," तो म्हणाला. "कुणाचा आहे?"

आईने त्याचा उजवा हात हातात घेतला, बाही कोपरापर्यंत सारली. सहाव्या वर्षी तो माझ्या तापल्या इस्त्रीवर पडला होता. तिच्या टोकाचा डाग तिथे होता.

आता तिथे काही नव्हतं. गुळगुळीत कातडी.

आईने बाही पुन्हा खाली केली, गुंडी लावली. बाजारात अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलते तसं अदबीने म्हणाली, "साहेब, आमचा साग्बो कुठे आहे?"

"कामात आहे," तो म्हणाला.

बाहेर पहारा बदलला. बुटांचा आवाज झाला.

"भेटेल का?"

त्याने थोडा विचार केला. खरंच केला, मी पाहिलं. "इतक्यात नाही."

आम्ही दोघीच होडीपाशी गेलो. मामाने आमच्या मागे पाहिलं आणि होडी पुन्हा खुंटाला बांधली.

मार्चमध्ये सत्ता उलटली, सैनिक आले. इस्पितळात आम्हाला एका चादरीपाशी नेलं, ओळख पटवून सही करायला सांगितलं. चादरीखालचा उंचवटा टेबलाच्या टोकापासून बराच अलीकडे संपत होता. आईने कोटाची शिवण अंगठ्याने तपासली.

"शिलाई आमची," ती म्हणाली. "माणूस आमचा नाही."

तिने सही केली नाही. त्याला कुठे पुरलं ते आम्हाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आई अजून त्याचं ताट वाढते. गेला असता तर कळलं असतं, कामात आहे, म्हणते.

नववा आला. धिप्पाड माणूस, पैलवानासारखी मान. मी स्टुलावर चढले, फीत धरली. एकशे नव्वद. त्याची बायको खुर्चीवर बसून बघत होती. पोट दिसायला लागलेलं. तिला काहीतरी सांगावं म्हणून मी खाली उतरले. दारात अंगरक्षक उभा होता.

मी आकडे लिहिले.

पहिला राष्ट्राध्यक्ष स्वातंत्र्याआधी उत्तरेकडच्या एका गावात मास्तर होता. त्या शाळेच्या फोटोत तो मुलांमागे उभा आहे, आणि उंचीमुळे त्याचं डोकं चौकटीत मावलेलं नाही.